गाण्याचा खर्च कोण सोसतो? कोलकात्याच्या ध्वनिमुद्रण परंपरेतून काही धडे

(व्याख्यानाचा मजकूर)



कोलकात्यात हुगळी नदीच्या पूर्व काठावर फोर्ट विल्यम हा किल्ला उभा आहे. प्लासीच्या लढाईनंतर 1758 मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले व 1781 च्या सुमारास ते पूर्ण झाले. तोफांच्या माऱ्यात अडथळा येऊ नये म्हणून किल्ल्याभोवतीची जमीन मोकळी ठेवण्यात आली आणि त्यातूनच आजचे 'मैदान' तयार झाले. भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय याच किल्ल्यात आहे. डिसेंबर 2024 मध्ये किल्ल्याचे नाव बदलून 'विजय दुर्ग' असे करण्यात आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गाशी असलेले हे नामसाम्य मराठी वाचकांच्या सहज लक्षात येईल.

संगीताच्या वितरणाचा विचार करताना या किल्ल्याचा संदर्भ कशासाठी, असा प्रश्न पडू शकेल. त्याचे उत्तर भूगोलात आहे. भारतातील ध्वनिमुद्रण व्यवसायाचा पाया याच किल्ल्याच्या परिसरातील शहरात घातला गेला. स्वतंत्र संगीतकारांच्या पहिल्या पिढ्यांपैकी एक याच मैदानाच्या आसपास वाढली. गाणे तयार करणे आणि ते श्रोत्यापर्यंत पोहोचवणे या दोन भिन्न क्रिया असून दुसरीचा खर्च पहिलीपेक्षाही जड होऊ शकतो, हे कोलकात्याच्या अनुभवातून स्पष्ट होते. तंत्रज्ञानाने हा खर्च नष्ट होत नाही. तो एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. जो तो खर्च उचलतो, त्याच्याकडे बहुधा गाण्याचे हक्कही जातात. या सूत्राच्या आधारे पुढील विवेचन केले आहे.

छापखान्याचा आरंभीचा धडा

1800 मध्ये लॉर्ड वेलस्ली यांनी फोर्ट विल्यम कॉलेजची स्थापना केली. नाव किल्ल्याचे असले तरी कॉलेजचा कारभार रायटर्स बिल्डिंगमधून चाले, ही बाब परीक्षार्थींनी लक्षात ठेवावी. तेथे बंगाली व संस्कृतबरोबर मराठीचेही अध्यापन विल्यम केरी यांच्याकडे होते. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी तयार केलेले मराठी व्याकरण 1805 मध्ये व मराठी-इंग्रजी कोश 1810 मध्ये श्रीरामपूर येथे छापला गेला. कोशासाठी मोडी लिपीचे खिळे वापरण्यात आले.

त्या काळी मराठी छापील पुस्तकाला बाजारपेठ जवळजवळ नव्हती. खिळे पाडणे, कागद आणि मजुरी हा खर्च मात्र आधीच करावा लागे. कॉलेजने काही प्रती विकत घेण्याची हमी देण्याची पद्धत ठेवली आणि त्यामुळे अशा पुस्तकांचे प्रकाशन शक्य झाले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या प्रतीचा स्थिर खर्च मोठा आणि नंतरच्या प्रत्येक प्रतीचा खर्च अल्प होता. हा स्थिर खर्च संस्थात्मक खरेदीदाराने उचलला. संगीताच्या ध्वनिमुद्रणाचे अर्थकारण याच स्वरूपाचे आहे.

1902 : तबकडीचा समुद्रप्रवास

नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गेसबर्ग यांनी कोलकात्यात ध्वनिमुद्रण केले. शशिमुखी व फणिबाला या रंगभूमीवरील तरुण गायिकांची आणि त्यानंतर काही दिवसांतच गौहर जान यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली. मेणावर उमटलेले हे मुद्रण जहाजाने जर्मनीतील हॅनोवर येथे गेले, तेथे तबकड्या तयार झाल्या आणि पुन्हा जहाजाने भारतात आल्या. गायिकेचा आवाज स्वतःच्याच शहरात विक्रीला येण्यासाठी त्याला दोनदा समुद्र ओलांडावा लागला.

हा खर्च कोणा एका कलावंताच्या आवाक्यातला नव्हता. 1908 मध्ये कोलकात्यातील सियालदह भागात कारखाना सुरू झाल्यावर वाहतुकीचा भार घटला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस दमदम येथे मोठा कारखाना उभा राहिला. परंतु ध्वनिमुद्रण यंत्र, तबकडी काढण्याचा कारखाना आणि विक्रेत्यांचे जाळे या तिन्ही गोष्टी एकाच कंपनीच्या हाती राहिल्या. कलावंताला मोबदला मिळे, पण गाण्याच्या पुढील विक्रीवर त्याचे नियंत्रण क्वचितच असे.

याच काळात हेमेंद्रमोहन बोस यांनी वेगळी वाट शोधली. 'कुंतलीन' केशतेल व 'देलखोश' अत्तर यांचे ते यशस्वी उत्पादक होते. 1906 च्या सुमारास, स्वदेशी चळवळीच्या ऐन भरात, त्यांनी ध्वनिमुद्रित नळकांडी विक्रीस आणली. रवींद्रनाथ ठाकूर यांचा आवाजही त्यांनी मुद्रित केला. एका व्यवसायातील भांडवलावर दुसऱ्याचा खर्च भागवण्याचे हे उदाहरण होय. आजचा संगीतकार शिकवण्या, जाहिरातींचे संगीत किंवा नोकरी यांच्या उत्पन्नातून स्वतःच्या गाण्यांचा खर्च भागवतो, तेव्हा तो हेच करत असतो. मात्र बाजाराचा कल नळकांड्यांकडून तबकड्यांकडे वळल्यावर बोस यांनाही तबकड्या काढून घेण्यासाठी पाथे या फ्रेंच कंपनीचा आधार घ्यावा लागला. उत्पादनाचे साधन ज्याच्याकडे असते त्याच्यावरील अवलंबित्व अशा रीतीने कायम राहिले.

1930 च्या दशकात हिंदुस्थान, मेगाफोन, सेनोला अशा स्थानिक कंपन्या पुढे आल्या. चंडीचरण साहा यांच्या हिंदुस्थान रेकॉर्डची पहिली तबकडी 1932 मध्ये रवींद्रनाथांच्या आवाजात निघाली. मेगाफोनसारख्या स्थानिक कंपन्यांच्या तबकड्या ग्रामोफोन कंपनीच्या दमदम कारखान्यातच निघत. कलावंताची निवड आणि विक्री स्थानिक, तर उत्पादन भाडोत्री, अशी ही श्रमविभागणी होती. आज कोणताही छोटा संगीतकार परक्या कंपनीच्या यंत्रणेमार्फत आपले गाणे सर्वत्र पाठवतो. त्या रचनेचे बीज येथे दिसते.

आकाशवाणी : खर्च सार्वजनिक, लाभ सर्वांना

26 ऑगस्ट 1927 रोजी कोलकाता नभोवाणी केंद्र सुरू झाले. नभोवाणीने वितरणाच्या अर्थकारणात मूलभूत बदल घडवला. गायकाला चाचणीतून श्रेणी मिळे, कार्यक्रमाचे मानधन मिळे आणि प्रक्षेपणाचा खर्च प्रसारक संस्था सोसत असे. श्रोत्याकडे संच आणि त्याचा परवाना असला की पुरे होते. कंपनीने ज्याची तबकडी काढली नाही असा गायकही यामुळे घराघरांत पोहोचू शकला. सार्वजनिक वस्तू या संकल्पनेचे हे सुबोध उदाहरण आहे. एका श्रोत्याने ऐकल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. अशा सेवेचा खर्च बाजारापेक्षा सामूहिक यंत्रणेने उचलणे अधिक कार्यक्षम ठरू शकते. तथापि निवड समितीच्या अभिरुचीबाहेरील नव्या संगीताला येथे जागा मिळणे कठीण जाई, ही या व्यवस्थेची मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे.

मैदानावरील मेळा आणि 'मोहिनेर घोडागुली'

1970 च्या दशकाच्या मध्यास गौतम चट्टोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मोहिनेर घोडागुली' हा वाद्यवृंद स्थापन केला. बाउल, जॅझ, पाश्चात्त्य लोकसंगीत आणि शहरी जीवनाचे शब्द यांचा संगम त्यांच्या गाण्यांत होता. 1977 ते 1979 या काळात त्यांच्या तीन छोट्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. परंतु त्या काळच्या बाजारात त्यांना मर्यादितच श्रोते लाभले आणि 1981 च्या सुमारास वाद्यवृंद विखुरला.

1995 मध्ये चट्टोपाध्याय यांनी जुनी गाणी आणि नव्या कलावंतांची गाणी एकत्र करून 'आबार बोछोर कुडी पोरे' ही कॅसेट काढली. तिचे प्रकाशन कोलकाता पुस्तक मेळ्यात झाले. हा मेळा त्या काळी मैदानावर, म्हणजे किल्ल्याच्या भोवतालच्या मोकळ्या जागेत भरत असे. 2007 पासून तो तेथून हलला. श्रोत्यांना शोधत दुकानोदुकानी जाण्याऐवजी जेथे वाचक व रसिक आधीच जमतात तेथे गाणे नेण्याची ही पद्धत होती. घाऊक विक्रेत्याचा वाटा, न विकलेल्या प्रती परत येण्याचा धोका आणि जाहिरातीचा खर्च या तिन्ही बाबी अशा ठिकाणी कमी होतात. वीस वर्षांपूर्वी ज्यांना पुरेसे श्रोते मिळाले नव्हते, त्यांची गाणी नव्या पिढीच्या ओठांवर आली.

महाराष्ट्रात याला समांतर अशी परंपरा आहे. 6 डिसेंबरला मुंबईतील चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांबरोबर भीमगीतांच्या कॅसेट व पुढे सीडी यांची विक्री होत आली. मोठ्या कंपन्यांच्या सूचीबाहेरील अनेक शाहीर व गायक या मार्गाने घराघरांत पोहोचले. शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने कॅसेटच्या काळात दर्दी श्रोत्यांसाठी नेमके ध्वनिमुद्रण उपलब्ध करून दिले. 1980 च्या दशकात कॅसेटमुळे कमी प्रती काढणेही परवडू लागले, म्हणून हे शक्य झाले. मात्र ज्या तंत्राने प्रत काढणे स्वस्त झाले त्याच तंत्राने बेकायदा प्रत काढणेही स्वस्त झाले, आणि त्याचा फटका लहान कलावंताला अधिक बसला.

आजचे चित्र : प्रत फुकट, लक्ष महाग

आज तबकडी, कॅसेट वा सीडी न काढताही गाणे जगभर उपलब्ध करता येते. त्यासाठी संगीतकार मध्यस्थ वितरण कंपनीची सेवा घेतो. या सेवांच्या आकारणीचे प्रमुख तीन प्रकार आहेत. डिस्ट्रोकिडसारख्या कंपन्या वार्षिक वर्गणी घेतात. सीडी बेबी प्रत्येक प्रकाशनासाठी एकदाच शुल्क घेते आणि शिवाय उत्पन्नातील नऊ टक्के वाटा ठेवते. तिसऱ्या प्रकारात आरंभी शुल्क नसते, पण उत्पन्नातील मोठा वाटा द्यावा लागतो. यातून निवड करताना गणित मांडणे आवश्यक आहे. वर्षाला अनेक गाणी काढणाऱ्यास वर्गणी परवडते. दोन-तीन वर्षांतून एक संग्रह काढणाऱ्यास एकदाचे शुल्क हितावह ठरते. वर्गणी थकल्यास गाणी सेवांवरून उतरवली जाऊ शकतात, ही अट करारात बारकाईने पाहावी लागते. ती टाळण्यासाठी काही कंपन्या स्वतंत्र शुल्क आकारतात.

उत्पन्नाची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. प्रत्येक वेळी गाणे ऐकले गेले की ठरावीक रक्कम मिळते, हा समज बरोबर नाही. बहुतेक सेवांमध्ये वर्गणी व जाहिरातींतून जमलेली रक्कम एकत्र केली जाते आणि एकूण श्रवणांतील हिश्श्याच्या प्रमाणात वाटली जाते. परिणामी एखादा श्रोता महिनाभर केवळ एकाच बाउल गायकाला ऐकत असला, तरी त्याच्या वर्गणीतील मोठा भाग लोकप्रिय चित्रपटगीतांकडे जातो. स्पॉटिफाय या सेवेने 2024 पासून आणखी एक अट घातली. मागील बारा महिन्यांत किमान 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे स्वामित्वधन मिळत नाही. नवोदितांच्या दृष्टीने ही अट महत्त्वाची आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला 60 हजार रुपये आणि वितरणाला 2 हजार रुपये लागले असे समजावे. एका श्रवणामागे सरासरी 10 पैसे हाती येतात असे गृहीत धरले, तर केवळ वितरण शुल्क वसूल होण्यास 20 हजार आणि सर्व खर्च भरून निघण्यास 6 लाख 20 हजार श्रवणे लागतील. याउलट कार्यक्रमाच्या ठिकाणी 300 रुपयांप्रमाणे 200 प्रती विकल्या, तर 60 हजार रुपयांची विक्री होते. त्यातून प्रतींचा खर्च वजा करावा लागेल. आकडे गृहीत असले तरी निष्कर्ष स्पष्ट आहे. दूरच्या लाखो अनोळखी श्रोत्यांपेक्षा जवळचे दोनशे निष्ठावान श्रोते लहान कलावंताला अधिक आधार देऊ शकतात.

यामुळे अनुभवी स्वतंत्र संगीतकार प्रवाही सेवांकडे उत्पन्नाचे साधन म्हणून न पाहता ओळखपत्र म्हणून पाहतात. उत्पन्न ते कार्यक्रम, थेट विक्री आणि आगाऊ वर्गणी यांतून मिळवतात. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी श्रोता थेट संगीतकाराकडून संग्रह विकत घेतो. तेथे डिजिटल विक्रीवर साधारण 15 टक्के व वस्तूंच्या विक्रीवर 10 टक्के वाटा सेवा ठेवते आणि उरलेली रक्कम, व्यवहार शुल्क वजा जाता, कलावंताला मिळते. श्रोत्यांकडून आधीच रक्कम जमवून मग ध्वनिमुद्रण करणे ही पद्धत तर फोर्ट विल्यम कॉलेजच्या आगाऊ खरेदीचीच नवी आवृत्ती म्हणता येईल.

परदेशी सेवांकडून रक्कम घेताना कराचाही विचार करावा लागतो. अमेरिकेत निर्माण झालेल्या स्वामित्वधनावर तेथे सर्वसाधारणपणे 30 टक्के करकपात होते. भारत-अमेरिका करारान्वये योग्य अर्ज सादर केल्यास हा दर 15 टक्क्यांपर्यंत खाली येतो. एक अर्ज न भरल्याने होणारे हे नुकसान पूर्णतः टाळता येण्याजोगे आहे.

कायद्याची चौकट

वितरणाच्या खर्चाचा खरा ताळेबंद हक्कांच्या संदर्भातच मांडता येतो. भारतीय प्रताधिकार कायदा 1957 चा असून 2012 च्या दुरुस्तीने त्यात कलावंतांच्या बाजूने महत्त्वाचे बदल झाले. गीतकार व संगीतकार यांनी ध्वनिमुद्रणासाठी हक्क दिले, तरी स्वामित्वधनातील समान वाटा मिळण्याचा त्यांचा हक्क आता कायदेशीर वारस किंवा प्रताधिकार संस्था यांच्याखेरीज कोणालाही देता येत नाही. त्यापूर्वी कंपनीने एकरकमी मोबदला देऊन सर्व हक्क घेणे सर्रास होते. 1969 मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी गीतकार, संगीतकार व प्रकाशक यांच्या वतीने स्वामित्वधन गोळा करते. गायकांच्या हक्कांसाठी 2013 मध्ये इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन ही संस्था पुढे आली. एकट्या कलावंताला शेकडो हॉटेले, वाहिन्या व सेवा यांच्याकडून वसुली करणे अशक्य असते. संस्थात्मक वसुलीमुळे व्यवहार खर्च कमी होतो.

कलम 31 ड नुसार प्रसारकांना वैधानिक परवाना मिळू शकतो. परंतु आंतरजालावरील सेवांना तो लागू होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात 2019 मध्ये दिला व खंडपीठाने 2022 मध्ये तो कायम ठेवला. त्यामुळे अशा सेवांना हक्कधारकाशी वाटाघाटी करूनच गाणी घ्यावी लागतात. मोठ्या कंपन्यांना याचा लाभ स्पष्ट दिसतो. लहान संगीतकाराला मात्र छापील अटी मान्य करण्याखेरीज फारसा पर्याय नसतो.

दुसऱ्याचे गाणे नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित करायचे झाल्यास कलम 31 क लागू होते. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटलेली असणे आणि दर वर्षी किमान 50 हजार प्रतींचे स्वामित्वधन देणे, अशा त्यातील अटी आहेत. कमी प्रसार असलेल्या भाषा व बोलींसाठी ही संख्या कमी ठरवण्याची तरतूदही आहे. दोनशे प्रती काढणाऱ्या कलावंतासाठी 50 हजारांचा आकडा किती जड आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

या संदर्भात रवींद्रसंगीताचे उदाहरण उद्बोधक आहे. रवींद्रनाथांचे निधन 1941 मध्ये झाले. तेव्हाच्या कायद्यानुसार प्रताधिकाराची मुदत 1991 च्या अखेरीस संपणार होती, परंतु मुदत 50 वरून 60 वर्षे करण्यात आल्याने ती 2001 अखेरपर्यंत लांबली. तोवर ध्वनिमुद्रणासाठी विश्वभारतीच्या संगीत मंडळाची मान्यता लागे. देबब्रत बिश्वास यांच्यासारख्या श्रेष्ठ गायकानेही मंडळाच्या आक्षेपांमुळे रवींद्रसंगीताचे ध्वनिमुद्रण थांबवले होते. 2001 नंतर ही गाणी सर्वांसाठी खुली झाली आणि लहान वाद्यवृंदांनाही परवानगी वा स्वामित्वधनाविना ती सादर करता येऊ लागली. सार्वजनिक ठेव्याचा विस्तार झाला की नव्या निर्मितीचा खर्च कमी होतो, हे यातून दिसते. त्याच वेळी हयात कलावंताच्या हक्कांचे रक्षणही तितकेच आवश्यक असते. धोरणकर्त्यांपुढील आव्हान हा समतोल साधण्याचे आहे.

निष्कर्ष

स्वतंत्र संगीतकारांच्या अनुभवातून काही मुद्दे पुढे येतात. खर्च करण्यापूर्वी गीतकार, संगीतकार, गायक व वादक यांच्यातील वाटा लेखी ठरवावा. आरंभीचे शुल्क आणि उत्पन्नातील वाटा यांची तुलना किमान पाच वर्षांच्या हिशेबाने करावी. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी शक्यतो स्वतःकडे ठेवावी. प्रताधिकार संस्थेचे सदस्यत्व घ्यावे. कृत्रिम श्रवणे विकत घेण्याच्या मोहापासून दूर राहावे, कारण ती उघड झाल्यास गाणे उतरवले जाते व दंडही पडू शकतो. शासनाच्या पातळीवर सार्वजनिक प्रसारणात स्वतंत्र संगीताला निश्चित वेळ, ग्रंथालये व विद्यापीठांकडून ध्वनिमुद्रणांची खरेदी, आणि मेळ्यांत लहान कलावंतांना अल्प भाड्याने जागा, या उपायांचा विचार व्हायला हवा.

हॅनोवरला जाणाऱ्या मेणाच्या साच्यापासून भ्रमणध्वनीवरील गाण्यापर्यंतच्या सव्वाशे वर्षांत प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. तरीही गाणारा आणि ऐकणारा यांच्यामधील अंतर कोणी तरी पैसे मोजूनच पार करतो. तो भार पूर्णपणे कलावंतावर टाकला, तर घरची ऐपत असलेलेच गातील, आणि गाव-वस्त्यांतील बाउल, शाहीर व लोकगायक यांचा आवाज उमटण्यापूर्वीच थांबेल. संस्कृतीच्या विविधतेचे जतन हे राज्यघटनेच्या कलम 29 मध्ये मान्य केलेले मूल्य आहे. त्या मूल्याला व्यवहारात अर्थ यायचा असेल, तर गाण्याचा खर्च कोण सोसतो या प्रश्नाचे उत्तर श्रोता, संस्था आणि शासन या तिघांनी मिळून दिले पाहिजे.